कावीळ ‘ब’ आणि तिच्या विषाणूची घराणी

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर; स्मरणिकेसाठी थोडा वाढवून)



कावीळ हा शब्द आपल्या घरांना परका नाही. डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, की घरातील वडीलधारी मंडळी डॉक्टरच्या आधी निदान करून मोकळी होतात. मग तेल-तूप बंद होते, उसाचा रस सुरू होतो आणि कोणीतरी काविळीची माळ घालणाऱ्याचा पत्ता आणून देतो. पंधरा-वीस दिवसांत माणूस हिंडूफिरू लागतो आणि माळेचा लौकिक आणखी एका गावात पोहोचतो. या लौकिकात माळेचा वाटा किती आणि माणसाच्या स्वतःच्या शरीराचा किती, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की कावीळ हे रोगाचे नाव नव्हे, लक्षणाचे नाव आहे. यकृताला सूज आली की ते लक्षण दिसते आणि सूज आणणारे विषाणू निरनिराळे आहेत. ‘अ’ आणि ‘इ’ हे दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. ‘ब’ आणि ‘क’ हे रक्तातून येतात. आपला विषय आहे तो ‘ब’ म्हणजेच हिपॅटायटिस बी. या एकाच विषाणूचे पुन्हा पोटप्रकार आहेत व शास्त्रज्ञ त्यांनाही अक्षरांनीच ओळखतात. घोटाळा होऊ नये म्हणून रोगांची नावे मी मराठी अक्षरांनी देतो आणि पोटप्रकारांना ए, सी, डी असे म्हणतो.

मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवतो. मग हा विषय मी का घेतला, असे आपण विचाराल. कारण असे की या विषाणूची हकीकत जितकी वैद्यकाची आहे तितकीच इतिहासाचीही आहे. आपल्या देशात कोणत्या भागात त्याचा कोणता प्रकार आढळतो हे पाहू लागलो, की माणसे कोठून कोठे गेली याच्या खुणा दिसू लागतात. आणि दुसरे कारण अधिक जवळचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू कायमचा वस्तीला होता. त्यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख आपल्या देशात. म्हणजे शंभरात दोन. पाचशे माणसांच्या सभेत दहा. त्या दहांपैकी बहुतेकांना स्वतःलाही त्याची वार्ता नसते.

या विषाणूचा शोधच मुळी माणसामाणसांतील भेद शोधताना लागला. बारूक ब्लूमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ निरनिराळ्या देशांतील लोकांच्या रक्तातील प्रथिनांमध्ये आनुवंशिक फरक कोणते आहेत याचा अभ्यास करीत होते. ज्या रुग्णांना वारंवार दुसऱ्यांचे रक्त द्यावे लागते, त्यांच्या रक्तात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. अशा एका हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्तद्रव हे त्यांचे शोधाचे साधन होते. १९६३ साली त्याची प्रतिक्रिया ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी झाली. सापडलेल्या पदार्थाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असे नाव पडले. प्रथम तो वंशपरंपरेने येणारा गुण वाटला. पुढे १९६७ च्या सुमारास उलगडा झाला की तो माणसाचा नव्हेच, विषाणूच्या बाह्य आवरणाचा तुकडा आहे. १९७० साली लंडनमध्ये डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण विषाणू पाहिला. १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही प्रयोगशाळेच्या कागदावर एचबीएसएजी म्हणून जी ओळ असते, ती त्याच ऑस्ट्रेलिया अँटिजेनची तपासणी होय.

आता या विषाणूत प्रकार कसे पडले?

छापखाने नव्हते त्या काळात ग्रंथ हाताने उतरवून घेत. लेखनिक कितीही सावध असला तरी एखादा काना सुटतो, एखादे अक्षर बदलते, क्वचित एखादी ओळ गळते. त्या प्रतीवरून दुसरा जो नक्कल करतो तो पहिल्याची चूक तशीच उतरवतो आणि आपली एक भर घालतो. दोनशे वर्षांनी दहा हस्तलिखिते समोर ठेवली, तर कोणती प्रत कोणत्या प्रतीची मुलगी आणि कोणाची नात हे त्या चुकांवरूनच सांगता येते. ग्रंथांची घराणी विद्वानांनी अशीच लावली आहेत.

विषाणूचेही असेच आहे. त्याचा मजकूर फार लहान आहे, सुमारे ३,२०० अक्षरांचा. माणसाच्या एका पेशीतील जनुकीय मजकूर तीनशे कोटींहून अधिक अक्षरांचा आहे. म्हणजे या विषाणूच्या सुमारे दहा लाख पट. मात्र एवढ्याशा मजकुरात चार जनुके कोंबलेली आहेत आणि ती एकमेकांवर चढलेली आहेत. एकच ओळ पहिल्या अक्षरापासून वाचली तर एक अर्थ आणि दुसऱ्या अक्षरापासून वाचली तर दुसरा, अशी ही काटकसर. शब्दकोडे घालणाऱ्यालाही हेवा वाटावा! हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरून आपल्या नकला काढतो तेव्हा मधल्या एका पायरीत शुद्धिपत्रक काढण्याची सोयच नसते. त्यामुळे चुका पुष्कळ होतात. ज्या चुकीने अर्थ बिघडत नाही, ती टिकते आणि पुढच्या माणसाकडे जाते.

१९८८ साली जपानमधील ओकामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले की दोन विषाणूंच्या संपूर्ण मजकुरात आठ टक्क्यांहून अधिक फरक असेल, म्हणजे सुमारे अडीचशे अक्षरे वेगळी असतील, तर ते वेगळे जनुकप्रकार मानावेत. त्यांनी ए, बी, सी आणि डी असे चार मानले होते. आज एच पर्यंतचे आठ सर्वमान्य आहेत आणि आय व जे असे आणखी दोन सुचवले गेले आहेत. चार टक्क्यांहून अधिक फरक असला की उपप्रकार म्हणतात. बी आणि सी ही चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम या बाजूची घराणी. ई पश्चिम आफ्रिकेतील. एफ आणि एच अमेरिका खंडातील. भूमध्य समुद्रापासून मध्य आशियापर्यंत डी चे राज्य असून इराणमध्ये तर जवळजवळ तोच एकटा सापडतो.

आपल्या देशाकडे वळू. भारतात डी सर्वांत अधिक आहे. त्याच्या खालोखाल ए. आणि पूर्वेकडे, बंगालपासून ईशान्येच्या राज्यांपर्यंत, या दोघांच्या जोडीला सी येतो. नकाशावर रंग भरावयाचे झाल्यास उत्तरेत व मध्यभागी डी चा रंग गडद येईल, पश्चिम व दक्षिण भागात त्यात ए चा रंग मिसळेल आणि कलकत्त्याला तीनही रंग एकत्र होतील. डी आपल्याला वायव्येकडील देशांशी जोडतो आणि सी आग्नेय आशियाशी. हिंदुस्थान हा पश्चिम आणि पूर्व यांच्यामधला उंबरठा आहे हे आपण भूगोलात शिकवतो. विषाणूच्या नकाशातही तो उंबरठाच आहे.

त्यातही बारकावे आहेत आणि मला ते फार वेधक वाटतात. पूर्व भारतातील पहाडिया या आदिवासी जमातीत डी चा पाचवा उपप्रकार मोठ्या प्रमाणावर आढळला. अंदमान-निकोबार बेटांवर निकोबारी लोकांत डी आढळतो, तर जारवांमध्ये सी. म्हणजे एकाच द्वीपसमूहातील दोन जमातींकडे हा विषाणू दोन निरनिराळ्या दिशांनी आला असला पाहिजे. अरुणाचल प्रदेशातील इदू मिशमी या जमातीचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील विद्या अरणकल्ले आणि दिब्रुगडचे त्यांचे सहकारी यांनी २०१० साली प्रसिद्ध केला. तेथे मिळालेला विषाणू भारतातील इतर कोणत्याही प्रकाराशी जुळेना. तो जुळला व्हिएतनाम आणि लाओस येथील विषाणूशी. हाच तो आय प्रकार. तो तर सरमिसळीतून झालेला दिसतो. एका ग्रंथाची काही पाने दुसऱ्या ग्रंथात शिवली जावीत तसा. डोंगरांच्या आड राहणाऱ्या, काही हजार लोकवस्तीच्या एका जमातीने कोणे एके काळी पूर्वेकडून कोणाशी तरी संबंध राखला होता, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. ती यकृतात राहिली.

आता ए कडे येऊ, कारण तो आपल्या किनाऱ्याच्या बाजूचा आहे. भारतात सापडणारा ए हा बहुतांशी ए-एक या उपप्रकाराचा असतो. युरोपातील ए-दोनपेक्षा तो वेगळा. ए-एक सापडतो तो सोमालिया, मलावी, दक्षिण आफ्रिका या देशांत आणि समुद्रापलीकडे ब्राझीलमध्ये. ब्राझीलमध्ये तो कसा गेला हे सांगण्यास फार संशोधन नको. गुलामांच्या जहाजांतून गेला. मग आपल्याकडे? चौल, दाभोळ, जंजिरा ही नावे उच्चारली की उत्तर डोळ्यांपुढे येते. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर शेकडो वर्षे गलबते ये-जा करीत होती. त्यांत व्यापारी होते, खलाशी होते, शिपाई होते आणि विकत घेतलेली माणसेही होती. ए-एक आफ्रिकेतून या मार्गांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागला असावा, असे अनुमान अनेक संशोधकांनी केले आहे.

अनुमान हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सोयीचा पुरावा मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये. सबंध ए घराण्याचा उगमच आफ्रिकेत झाला असे पूर्वी पुष्कळांना वाटे. २०१८ साली युरोप व मध्य आशियातील प्राचीन सांगाड्यांतून या विषाणूचे अंश मिळवण्यात आले. तेव्हा चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या रशियाच्या गवताळ प्रदेशातील माणसांतही ए चा पूर्वज निघाला आणि मूळ गावाचा प्रश्न पुन्हा उघडा झाला. २०२१ मधील एका अभ्यासात तर हा विषाणू दहा हजारांहून अधिक वर्षे माणसाच्या सोबत असल्याचे दिसून आले.

या सर्व प्रकारात एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. माणसाला कोणता प्रकार जडला हे त्याच्या आडनावावरून, जातीवरून वा धर्मावरून ठरत नाही; लागण कोणत्या प्रदेशात, कोणाकडून झाली यावरून ठरते. पूर्वी हा विषाणू बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे आणि घरातील एका लेकराकडून दुसऱ्याकडे गेला. म्हणून घरोघर, गावोगाव त्याची परंपरा टिकली. अलीकडच्या काळात सुईने आणि बाटलीतील रक्ताने तिच्यात नव्या वाटा काढल्या.

प्रकार वेगळा असला म्हणून रुग्णाला काय फरक पडतो? येथे तज्ज्ञांचे एकमत नाही. २००२ साली दिल्लीच्या एका अभ्यासात डी प्रकाराच्या रुग्णांत रोग अधिक तीव्र दिसला. २००५ साली उत्तर भारतातूनच दुसरा अभ्यास आला. त्यात ए अधिक तीव्र ठरला. मधल्या २००३ साली पुण्याच्या संशोधकांनी पश्चिम भारतातील रुग्ण पाहून सांगितले की या दोहोंत रोगाच्या दृष्टीने फरक आढळत नाही! अशा वेळी सामान्य माणसाने हसावे की रडावे? माझ्या मते यांपैकी काहीच करू नये. प्रकाराची चिंता त्या विषयाच्या डॉक्टरांवर सोपवावी.

परंतु दोन बाबतींत फरक निश्चित आहे आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली बाब ई-प्रतिजनाची. विषाणू जोमाने वाढत असला की तो ई-प्रतिजन नावाचे एक प्रथिन रक्तात सोडतो. आईच्या रक्तात ते असेल तर बाळंतपणात मुलाला लागण होण्याचा धोका फार मोठा. कोणताही उपाय न केल्यास दहांपैकी सात ते नऊ मुलांना. अलास्कातील मूळ रहिवाशांचा एक दीर्घ अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ए, बी आणि डी प्रकाराच्या निम्म्या रुग्णांच्या रक्तातून हे ई-प्रतिजन विशीच्या आत नाहीसे झालेले होते. सी प्रकारात त्याच गोष्टीस वयाची ४७ वर्षे ओलांडावी लागली. म्हणजे सी प्रकाराची स्त्री आपल्या मुले होण्याच्या सबंध काळात ते अंगावर वागवते. पूर्व आशियात हा रोग आईकडून मुलाकडे इतका का पसरला, त्याचे एक मोठे कारण येथे आहे. आपल्याकडे डी आणि ए मुळे आईकडून होणारी लागण तुलनेने कमी राहिली आणि लहानपणी घरात, शेजारात, जखमांतून व सुयांतून होणारी लागण तिच्या जोडीला राहिली.

दुसरी बाब याच धाग्याची आहे, पण उलट्या बाजूने. डी प्रकारात पुष्कळदा एका अक्षराचा असा बदल होतो की विषाणू ई-प्रतिजन तयार करणेच थांबवतो, परंतु स्वतः वाढत राहतो. ए प्रकारात मजकुराची रचना अशी आहे की हा बदल सहसा टिकत नाही. परिणाम असा, की आपल्या देशात, जेथे डी अधिक, तेथे ई-प्रतिजन नाही असा कागद हाती आला म्हणजे विषाणू झोपला असे मानता येत नाही. यकृताची तपासणी आणि रक्तातील विषाणूची मोजणी करावी लागते. तो कागद घडी घालून कपाटात ठेवणारे मी पाहिले आहेत, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

औषधांतही थोडा फरक आहे. इंटरफेरॉनच्या टोचण्यांचा गुण ए प्रकारात अधिक आणि डी मध्ये कमी येतो. परंतु आज प्रामुख्याने ज्या गोळ्या देतात, टेनोफोव्हिर आणि एन्टेकॅव्हिर, त्या सर्व प्रकारांवर सारख्याच चालतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि या गोळ्या विनामूल्य मिळतात. २८ जुलै हा ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस. जागतिक हिपॅटायटिस दिन त्याच तारखेस पाळतात.

सुईचा उल्लेख वर आला. २००९ साली गुजरातमधील मोडासा या गावी आणि आसपास कावीळ ‘ब’ची जी साथ आली, ती आपल्यापैकी काहींना आठवत असेल. एरवी हा रोग साथीचा नव्हे. तेथे शंभराहून अधिक लोक आजारी पडले आणि मृतांची संख्या पन्नासच्या घरात गेली. कारण निघाले ते वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्याचे. पुण्याच्या संस्थेने नमुने तपासले. विषाणू डी घराण्याचाच, आपल्याकडचा नेहमीचा. परंतु ई-प्रतिजन बंद करणारा आणि त्याच्या जवळपासचे आणखी काही बदल त्यात होते. एखाद्या माणसात वर्षानुवर्षे मुरलेला असा बदललेला विषाणू सुईवरून नव्या, निरोगी माणसांत एकदम शिरला म्हणजे काय होते हे तेथे दिसले. साध्या तापासाठी, अंगात कणकण आहे म्हणून, एक इंजेक्शन टोचून घ्या म्हणजे बरे वाटेल, असा आग्रह आपणच डॉक्टरकडे धरतो. गोळीने काम होत असताना सुई मागू नये. आणि सुई घ्यावीच लागली तर पाकीट आपल्यासमोर फोडावयास सांगावे. यात डॉक्टरचा अपमान मुळीच नाही. हीच गोष्ट न्हाव्याच्या वस्तऱ्याची, कान टोचण्याच्या तारेची, गोंदणाच्या सुईची आणि सुंता करणाऱ्याच्या पात्याची. प्रत्येकास नवे पाते, याला सूट नसावी.

आता माळेचा हिशोब चुकता करू. धडधाकट प्रौढ माणसाला या विषाणूची लागण झाली तर शंभरात पंचाण्णवांहून अधिक लोकांचे शरीर त्याला स्वतःच हुसकावून लावते. माळ घाला वा न घाला. परंतु नवजात बालकाला लागण झाली तर दहांपैकी नऊ मुलांत तो कायमचा राहतो आणि त्या मुलाला त्या वेळी कावीळ दिसतही नाही. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, मूल खेळते, शाळेत येते, पहिला नंबर मिळवते. असे बालपणापासून विषाणू वागवणाऱ्यांपैकी पंधरा ते पंचवीस टक्के लोक पुढे यकृत कठीण होऊन किंवा यकृताच्या कर्करोगाने अकाली जातात. चाळिशीत, पन्नाशीत, घर ज्यांच्यावर उभे असते अशा वयात. जे डोळ्यांना दिसते त्यावर माळ आहे. जे दिसत नाही तेच घातक आहे.

आपल्या भागातील अनेक मुलांना ही गोष्ट अगदी अवघड जागी कळते. आखाती देशांत नोकरीसाठी जाताना जी वैद्यकीय तपासणी होते तिच्यात एचबीएसएजी असते आणि ती सकारात्मक आली की उमेदवार अपात्र ठरतो. व्हिसाचे पैसे भरलेले, निरोप-समारंभ झालेला आणि वीस-बावीस वर्षांचा मुलगा कागद घेऊन घरी परत! माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे असे झाले. सहा महिने त्याने कोणास सांगितले नाही. घरात त्याचे ताट-पेला वेगळा असावा, असे तोच मनात ठरवून बसला होता. त्याच्या आईला नेऊन तपासले तेव्हा तीही सकारात्मक निघाली, आणि धाकटी बहीणही. तिघांपैकी कोणालाही कधी कावीळ झालेली नव्हती. त्या दोघींना आता औषध चालू आहे. मुलाचा कागद नापास झाला नसता तर त्या दोघींचे आणखी दहा वर्षे कोणास कळले नसते. नोकरी गेली याचे दुःख खरे आहे, ते मी कमी लेखत नाही. पण अशा वेळी तो कागद लपवणे म्हणजे घरातील इतरांची तपासणी लपवणे.

लसीबद्दल लोक विचारतात ते असे : विषाणूची इतकी घराणी, तर लस कोणत्या घराण्याची? प्रश्न शहाणपणाचा आहे. बहुतेक लशी ए-दोन या युरोपकडच्या उपप्रकाराच्या आवरणावरून बनवल्या गेल्या. परंतु त्या आवरणाचा एक भाग सर्व घराण्यांत समान आहे आणि आपली प्रतिपिंडे त्या भागाला धरतात. म्हणून तीच लस कोकणात चालते, कलकत्त्यात चालते आणि अरुणाचलातही. या भागातच बदल होऊन लशीला चकवणारा विषाणू १९९० साली इटलीत नोंदला गेला होता हे खरे. पण त्याने लशीचे काम कोठेही अडले नाही. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना लस देण्यास प्रारंभ केला. तेथे दहात एक मूल बाधित होत असे, ते प्रमाण शंभरात एकाहून खाली आले आणि मुलांतील यकृताचा कर्करोगही घटला. आपल्याकडे ही लस प्रथम परदेशातून येई आणि तिची किंमत मध्यमवर्गीयांनाही झेपणारी नव्हती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने जनुकीय तंत्राने ती देशात बनवली तेव्हापासून भाव उतरले. २००२ च्या सुमारास काही शहरांत व जिल्ह्यांत प्रयोगादाखल, पुढे दहा राज्यांत आणि २०११ पासून सर्व देशभर ती सरकारी लसीकरणात आली.

त्यापूर्वी जन्मलेल्यांना, म्हणजे आज ज्यांची लग्ने ठरत आहेत, ज्या मुली माता होणार आहेत, त्यांपैकी पुष्कळांना ही लस मिळालेली नाही. त्यांनी एकदा एचबीएसएजी करून घ्यावी आणि नकारात्मक आल्यास तीन मात्रा घ्याव्यात.

व्याख्यान झाल्यावर काही चिठ्ठ्या आल्या होत्या. वेळेअभावी सर्वांना उत्तरे देता आली नाहीत ती येथे देतो.

मुलाचा अहवाल सकारात्मक आहे, ठरलेले लग्न मोडावे काय? मोडू नये, लपवूही नये. मुलीला लस द्यावी, तिचे रक्षण होते. एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने, एका खोलीत झोपल्याने हा रोग जात नाही. वस्तरा, दाढीचे ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा असावा.

बाळाला दीड महिन्यावर लस देतातच, मग जन्मतःच आणखी एक कशासाठी? सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लशीतून ती मिळते हे खरे. पण बाळंतपणातील लागण दीड महिना वाट पाहत नाही. म्हणून पहिली मात्रा जन्मापासून चोवीस तासांच्या आत हवी. इस्पितळात बाळंतपण झाले असेल तर घरी निघण्यापूर्वी कार्डावर तिची नोंद झाली आहे ना, हे वडिलांनी स्वतः वाचून पाहावे. नातेवाइकांच्या गर्दीत आणि मिठाईच्या गडबडीत ते राहून जाते. बाळंतपण घरी झाले असेल तर त्याच दिवशी आशाताईंना कळवावे. आई बाधित असेल तर लशीबरोबर बाळाला तयार प्रतिपिंडांचे आणखी एक इंजेक्शन देतात, यासाठी गरोदरपणीच आईची तपासणी झालेली असावी.

शेवटची चिठ्ठी एका भगिनीची होती. तिने नाव लिहिलेले नव्हते. आई बाधित असेल तर बाळाला अंगावर पाजावे का? पाजावे, पहिल्या दिवसापासून.